जवायाचा वकील

अमेरिकेत आसरा मागताना वकील करावा की करू नये, या विषयावर आमच्या गावच्या आठवडी बाजारात जेवढी चर्चा झाली, तेवढी खुद्द अमेरिकेत तरी झाली असेल का, याची मला शंका आहे. गोष्ट आहे गावात मोबाइल यायच्या थोडी आधीची. बाजारचौकात आमचा एसटीडी-पीसीओ होता. काचेची एक खोली, आत फोन, बाहेर बिल छापणारं मशीन आणि मशीनमागे मी. खुर्ची खरं तर बाबूजींची. पण बाबूजींचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, निम्मं आयुष्य धानाच्या बांधीत, म्हणजे भातखाचरात, आणि उरलेलं अर्जुनीच्या कोर्टात जायचं, आणि माझं सासर दोन गल्ल्या पलीकडेच, म्हणून ती खुर्ची माझ्या वाट्याला आली. काचेतून आवाज बाहेर जात नाही, असं खोली बसवणारा मिस्त्री सांगून गेला होता. साफ खोटं बोलला. आत कोणी ‘हॅलो’ म्हटलं की समोरच्या चहाच्या टपरीवरून उत्तर यायचं.

गावापासून सायकलने जाण्याइतक्या अंतरावर तिबेटी कॅम्प. बाहेरच्या माणसाला हे सांगितलं की तो डोळे मोठे करून विचारतो, गोंदियात? तिबेटी? हो बाबा, गोंदियात. धानाच्या बांध्या, मोहाची झाडं आणि मधेच रंगीत पताका. आम्ही जन्मलो तेव्हा ते होतेच, त्यामुळे आम्हाला त्याचं नवल कधी वाटलं नाही. शाळेतली माझी जिवाची मैत्रीण त्याच कॅम्पातली. जन्म इथला, तिबेट तिने फक्त कॅलेंडरवर पाहिलेलं. झाडीबोली तिची माझ्याहून खणखणीत, कारण मी घरात पोवारी बोलायचे आणि ती गावच्या पोरींशी भांडायची. माझ्या वडिलांना ती पहिल्यापासून बाबूजीच म्हणायची, आणि बाबूजींनाही तिचं माझ्यापेक्षा जास्त कौतुक होतं. मला त्याचा राग यायचा, तो मी लपवत नसे.

तिचा नवरा मात्र अस्सल तिकडचा. मिसरूड फुटायच्या वयात डोंगर ओलांडून एकटाच आलेला, फिरत फिरत आमच्या कॅम्पात पोचलेला. मैत्रीण बाबूजींची मानलेली लेक, म्हणून तो बाबूजींचा जवाई. आमच्याकडे रोवणं, म्हणजे भाताची लावणी, निघालं की कॅम्पातली माणसं यायची, त्यांचा मका निघाला की आमची जायची. जवाई चिखलात उतरला की बायका त्याच्या पायांकडे पाहून हसायच्या, कारण त्याच्या डाव्या पायाला शेवटची तीन बोटंच नव्हती. चिखलातला त्याचा पाय लांबूनही ओळखू यायचा. कोणी विचारलं तर म्हणायचा, “जन्मापासून असंच. बेस हाय.”

हे ‘बेस’ जरा समजावून सांगायला हवं. आमच्याकडे कोणी ‘कसं काय’ विचारलं की उत्तर एकच, बेस हाय. अंगात ताप असो, घरात भांडण असो, म्हैस मेलेली असो, बेस हाय. बाजारात उभं राहून आपलं रडगाणं गाणाऱ्या माणसाला आम्ही माणसात धरत नाही. जवाई गावात आला तेव्हा त्याने आमच्या बोलीतला पहिला शब्द हाच उचलला, आणि तो त्याला अंगाबरोबर शिवल्यासारखा बसला. त्यांच्यातही थोरांपुढे आपलं दुःख मांडणं बरं दिसत नाही म्हणे. म्हणजे दोन्हीकडून मुहूर्त लागला. पाऊस नाही? बेस. फार पडला? बेस. लग्नात वाढप्याने त्याला वरण वाढलंच नाही, तेव्हाही हा कोरडा भात खात ‘बेस हाय’ म्हणत बसला होता.

तर हा जवाई एका भजनी मंडळासारख्या त्यांच्या मंडळाबरोबर लांबलचक कर्णा वाजवायला अमेरिकेत गेला, आणि मंडळ परत आलं तरी तो तिथेच राहिला. तिथल्या सरकारकडे आसरा मागायचा, तो मिळाला की बायको आणि दोन लेकरांना बोलवायचं, असं नवरा-बायकोने आधीच ठरवलं होतं. का ठरवलं, ते आम्हाला तेव्हा नीट कळलं नव्हतं. आपल्यासारखंच घर, आपल्यासारखंच जेवण, मग कशाला जायचं? मैत्रीण एवढंच म्हणायची, “माह्या लेकरायले एखाद्या देशाचा कागद पायजे.” पण आसरा नाही मिळाला तर? तर तो तिथे अडकणार, ही इथे, आणि लेकरं बापाला फोटोत पाहत मोठी होणार. हसतखेळत बोलायची ती, पण फोन ठेवला की तिचा हात बराच वेळ रिसीव्हरवरच असायचा.

बाजाराच्या दिवशी सकाळी त्याचा फोन यायचा. कॅम्पातही फोन होता, पण तिथे नातेवाईक ऐकतात म्हणून ती आमच्याकडे यायची. आमच्याकडे अख्खा बाजार ऐकायचा, त्याचं तिला काही नव्हतं. एके दिवशी ती काचेच्या खोलीतून डोकं बाहेर काढून म्हणाली, “अवो, वकील करू का नको, पुसून राहिले ते.”

मी तोंड उघडायच्या आत टपरीवरून उत्तर आलं, “नको!” बांगडीवाली म्हणाली, करा. कापडाच्या दुकानातले निवृत्त गुरुजी म्हणाले, शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये. त्यावर बांगडीवाली म्हणाली, पायरी चढलाच आहे बिचारा, आता उतरायला तरी कोणी धरायला नको का? मला तिचं पटलं. पण मैत्रिणीने कोणाचंच मनावर घेतलं नाही. ती म्हणाली, कॅम्पातल्या लामांना विचारते. त्यांच्यात अडलं की लामा फासे टाकून कौल देतात. लामांनी फासे टाकले आणि सांगितलं, ज्याने कोर्ट पाहिलं आहे त्याला विचार.

आता आमच्या पंचक्रोशीत बाबूजींइतकं कोर्ट कोणी पाहिलं होतं? शेजारच्या बांधीच्या धुऱ्यावरून त्यांचा दावा चालू होता. धुरा म्हणजे दोन बांध्यांमधला मातीचा बांध, ज्यावरून दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला चिखलात उतरावं लागतं, एवढा. त्या धुऱ्यापायी मी शाळेत जायला लागल्यापासून तारखा पडत होत्या. शेवटी चिडून बाबूजींनी वकील काढून टाकला आणि स्वतःच उभे राहू लागले. त्यात झाडीपट्टीच्या नाटकात दरवर्षी दिवाळीनंतर न्यायाधीशाचं काम त्यांचंच, कारण आवाज पहाडी आणि कोर्टाचा अनुभव दांडगा. लामांनी सांगितलं म्हटल्यावर त्यांनी मिशीवरून हात फिरवला, रिसीव्हर घेतला आणि निकाल देऊन टाकला.

“जवाई, आयका. वकील कायले पायजे? खऱ्या मानसाले वकील लागत नाई. वकील तारीख देते, अन म्हनते पुढच्या महिन्यात या. तुमी साधं बोला. जसे हाव तसे बोला.”

“हो बाबूजी,” तिकडून आवाज आला. “बेस.”

मी म्हटलं, “बाबूजी, तुम्हाले वकिलानं तारखा देल्या, अन वकील काढल्यावरही तारखाच भेटल्या. मंग वकिलाचा काय दोष?” त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की नाटकात फाशी देतानाही कोणाकडे तसं पाहिलं नसेल.

जवाई वकिलाशिवाय मुलाखतीला गेला आणि अगदी बाबूजींनी सांगितल्याप्रमाणे, जसा होता तसा बोलला. पुढच्या बाजारी त्याने फोनवर सगळं खुशीत सांगितलं. अधिकाऱ्याने विचारलं, भारतात कसे होतात? हा म्हणाला, बेस. राहायला घर? हो, आपलंच घर. शेत? आपलंच शेत. लोक त्रास देतात? छे, सगळे भाऊ-बहीण, एक तर बाबूजी आहेत, त्यांनी मला जवाई केलं. आणि तिबेटात काही त्रास? थोडंफार, चालायचंच. बाबूजींनी टपरीवर सगळ्यांना चहा पाजला. म्हणाले, “गावाची इज्जत राखली पोरानं.”

इज्जत राहिली आणि आसरा गेला. अर्ज मंजूर झाला नाही, आता न्यायाधीशापुढे उभं राहावं लागेल, तिथेही नाही म्हणाले तर परत पाठवतील, असं त्याला कळवलं होतं. ज्याचं भारतात घर आहे, शेत आहे, गोतावळा आहे, त्याला आणखी आसरा कशाला? अधिकाऱ्याचं तरी काय चुकलं! आमच्याकडे पाहुणा आला की म्हणतात, ‘बसा, आपलंच घर आहे.’ पाहुणा उठून घराचा सातबारा मागत नाही. जवायाने आमचं ते बोलणं जसंच्या तसं नेऊन सरकारी टेबलावर ठेवलं होतं.

त्या दिवशी मैत्रीण खोलीतून बाहेर आली आणि माझ्यासमोरच्या बाकड्यावर बसली. मग जे आम्ही इतक्या वर्षांत कधी विचारलं नव्हतं, ते तिने एका दमात सांगितलं. घराखालची जमीन कॅम्पाला सरकारने वापरायला दिलेली, तिच्या नवऱ्याच्या नावावर वीतभरही नाही. त्याचं ओळखपत्र दरवर्षी पोलिसांकडून नवं करून घ्यावं लागायचं. हिवाळ्यात नागपूरला स्वेटर विकायला जायचं तरी आधी जाऊन सांगावं लागायचं. “परत धाडतो म्हनतात,” ती म्हणाली, “पन परत मंजे कोठी, ते त्यायलेच मालूम नाई.” मी तिच्याबरोबर एका बाकावर शाळा शिकले होते, एका ताटात जेवले होते. यातलं काही मला ठाऊक नव्हतं. मला माझ्याच गावाचा राग आला, आणि तिचाही आला. इतकी भांडकुदळ बाई, आणि एवढी गोष्ट बोलली नाही! कोणी विचारलं की तीही बेसच म्हणायची.

बाबूजी माझ्या मागे उभे राहून ऐकत होते. पुढे आले, डोक्यावरचा रुमाल काढला, पुन्हा बांधला. म्हणाले, “वकील करा.”

आता वकील मिळाला तो कसा? अशा लोकांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेकडून, फुकट, आणि त्यात बाई. बाजारात पुन्हा चर्चासत्र भरलं. फुकटचा वकील म्हणजे फुकटचं बी, उगवलं तर उगवलं. बाई आहे, आवाज चढवेल का? बांगडीवालीने त्या माणसाला त्याच्या बायकोची आठवण करून दिली आणि तो मुद्दा तिथेच संपला. बाबूजी पुटपुटले, “अडला हरी, गाढवाचे पाय धरी.” मी म्हटलं, गाढव कोण ते त्या वकीलबाईंना कळवू का?

वकीलबाई मोठी खट होती. पहिल्याच भेटीत तिने जवायाला सांगितलं, मी तुझ्यासाठी खोटं बोलणार नाही आणि तू माझ्याशी ‘सगळं ठीक’ असं बोलायचं नाही. पण सवय कुठे जाते? तिने काहीही विचारलं की हा दोन शब्दांत उरकायचा. त्यात दुभाषी म्हणजे तिबेट्यांतलेच एक वयस्कर गृहस्थ. त्यांच्यापुढे तर ह्याची जीभ आणखीच आखडायची. शेवटी बाई वैतागून म्हणाली, तुला ज्या माणसांपुढे, ज्या भाषेत मोकळं वाटतं, तिथे आधी बोलून बघ. सराव कर आणि मग माझ्याकडे ये. जवायाने विचार केला आणि आमच्या पीसीओला फोन लावला.

“तालीम पायजे मंजे!” बाबूजींचे डोळे चमकले. नाटकाची तालीम हा त्यांचा प्रांत. पुढच्या बाजारी त्यांनी धुतलेलं धोतर नेसलं, काचेच्या खोलीत स्टूल टाकलं आणि फोनचं स्पीकरचं बटण दाबलं. मी आणि मैत्रीण दाराला टेकून उभ्या. टपरीवाल्याने स्टोव्ह बंद केला, ऐकू यावं म्हणून.

“आरोपी हाजीर हो!” बाबूजी गरजले.

“बाबूजी, आरोपी नाई, अर्जदार,” मी म्हटलं.

“अर्जदार हाजीर हो!”

“हाजीर आहे, साहेब,” अमेरिकेतून आवाज आला.

“तुमचं गाव कसं होतं?”

“बेस होतं.”

“मंग सोडलं काऊन?”

“असंच.”

“असंच?” बाबूजी नाटकातला न्यायाधीश विसरून गेले. “असंच कोनी गाव सोडते का गा? आमच्या चौकातला कुत्रा बी असंच गाव सोडत नाई!” टपरीवर हशा पिकला. तिकडे जवाईही हसला. “फिरून सांगा. शपथेवर सांगा. तुमच्या पायाची बोटं कोठी गेली?”

“जन्मापासूनच नाई, साहेब.”

माझ्या शेजारी मैत्रीण ताडकन सरळ झाली. “शपथेवर बी जन्मापासून? अन मले काऊन सांगतलं, पायावरून बैलबंडी गेली म्हून?” तिने बाबूजींच्या खांद्यावरून वाकून फोनला विचारलं. टपरीवर पुन्हा हशा. कोणीतरी ओरडलं, साक्षीदार फुटला!

बाबूजी मात्र हसले नाहीत. त्यांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. मग नाटकातला आवाज सोडून, पंगतीत आग्रह करतात तशा आवाजात म्हणाले, “जवाई, सध्या मी अधिकारी हाव. अधिकाऱ्याले बेस सांगतलं तं तो मानसाले परत धाडते. मले खरं सांगा.”

तिकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला. जवाई बसला असावा.

“बरफ में गईं, बाबूजी,” तो म्हणाला. “भाऊ होता संगं. मोठा भाऊ.”

त्याला भाऊ होता हेच आम्हाला माहीत नव्हतं. बायकोलाही नव्हतं. तो हळूहळू बोलत गेला, अर्धं हिंदीत, अर्धं आमच्या बोलीत. घरात पूजेत त्यांच्या सगळ्यात मोठ्या लामांचा एक फोटो होता, आणि तिकडे त्यावर बंदी. त्या फोटोसाठी पोलिसांनी भावाला नेलं. परत आला तेव्हा त्याला उजव्या हाताने चमचा धरता येत नव्हता. आई म्हणाली, दोघेही जा. चालत निघाले. खिंडीत भावाचे जोडे फाटले आणि तो खाली बसला.

“मंग?” बाबूजींनी विचारलं.

“मंग मी माझे जुते त्याले घातले. त्याच्या बाजूले बसलो. सकाळी तो उठला नाई.”

“जुते परत नाई घेतले?”

“त्याचे पाय थंडे होते, बाबूजी.”

बाजारात कोंबडी ओरडत होती, कोणीतरी वांग्यांचा भाव पुकारत होता. मला रडू आवरेना. आम्ही चिखलातल्या त्या पायाला हसलो होतो, ते मला आठवत होतं. मैत्रिणीने डोळे पुसले, फोन जवळ ओढला आणि नवऱ्याला झापलं, “अन मले बैलबंडी सांगतलीत?”

“तू रोवण्यात हासून राहिली होती,” तो म्हणाला. “तवा कायले सांगू?”

बाबूजींनी रुमालात नाक शिंकरलं. म्हणाले, “जवाई, हेच सांगा. वकीलबाईले हेच सांगा. मी उगाच म्हटलं वकील नको. पन हे वकिलालेही नाई सांगता येत. हे ज्याचं त्यानंच सांगावं लागते. वकील संगं उभा पायजे, बस.”

त्यानंतर तालमी बऱ्याच झाल्या. दर बाजारी जवाई थोडा जास्त बोलायचा. बाबूजी मध्येच ‘जोरात!’ म्हणून ओरडायचे, ‘खाली पाहू नका!’ म्हणायचे, जणू ते त्याला दिसतच होते. वकीलबाईने तिकडे त्याचा पाय डॉक्टरला दाखवला, कॅम्पातून जमिनीचे कागद मागवले. आणि एक निरोप आमच्यासाठीही आला. शेजारी म्हणून बाबूजींनी प्रतिज्ञापत्र द्यायचं, की हा माणूस इथे आमच्यात राहिला, पण इथलं घर त्याचं नाही, शेत त्याचं नाही, त्याला इथे कायम राहण्याचा हक्क नाही.

यावर बाबूजी अडून बसले. “मीच त्याले म्हटलं, आपलंच घर हाय. आता मीच लिहून देऊ, नाई म्हून?” दोन बाजार गेले तरी ते ऐकेनात. शेवटी मैत्रीण त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. “बाबूजी, तुमी नाई म्हून लिहा. आमाले मालूम हाय ना, आपलंच हाय म्हून.”

पुढची गंमत तर अशी, की प्रतिज्ञापत्रावर शिक्का मारणारा त्या दिवशी अर्जुनीत एकच वकील हजर होता. तोच तो, बाबूजींनी धुऱ्याच्या दाव्यातून काढून टाकलेला. बाबूजी दारातूनच परत फिरत होते, मी त्यांचा हात धरून आत नेलं. वकीलसाहेबांनी मजकूर पूर्ण वाचला, चष्मा काढला, शिक्का मारला आणि म्हणाले, “पाटील, चहा घेऊन जा. अन धुऱ्याचं काय झालं?” बाबूजी म्हणाले, “बेस हाय.” वकीलसाहेब इतके हसले की बाबूजींनाही हसावं लागलं. परतताना बसमध्ये ते मला म्हणाले, मानूस वाईट नाई. पुढच्या तारखेला ते त्याच वकिलाला बरोबर घेऊन गेले.

जवायाला न्यायाधीशाने आसरा दिला. त्या सकाळी फोनवर तो नुसता बाबूजी, बाबूजी करत राहिला. कोर्टात त्याने सगळं सांगितलं होतं, भावाच्या पायातल्या जोड्यांसकट. वकीलबाई शेजारी उभी होती. मैत्रिणीने बाजारभर शेवबुंदी वाटली आणि बांगडीवालीकडून दोन्ही हात भरून बांगड्या घेतल्या. मग कागदपत्रांत बराच काळ गेला आणि एका उन्हाळ्यात ती लेकरांना घेऊन निघाली. तिच्या गळ्यात कॅम्पातल्या लोकांनी घातलेली पांढरी रेशमी वस्त्रं, आणि हातात बाबूजींनी दिलेली मोहफुलांची थैली. अमेरिकेत मोहफुलं नेऊ देतात का, हा विचार कोणी केला नव्हता. विमानतळावर काढून घेतली म्हणे. माझ्याशी ती शेवटपर्यंत भांडली, की मी रडून तिचा मुहूर्त बिघडवते आहे.

आता पीसीओ नाही. काचेच्या खोलीत खताची पोती असतात आणि बाहेर मी रिचार्ज विकते, तेही कमीच. रविवारी सकाळी मोबाइलवर मैत्रिणीचं अख्खं कुटुंब दिसतं. लेकरं माझ्याएवढी उंच झाली आहेत. लेक तिथे कायदा शिकते, आणि आईसारखीच भांडते, म्हणजे चांगली वकील होईल.

मागच्या वर्षी बाबूजींचे गुडघे गेले. बांधी दुसऱ्याला कसायला दिली. धुऱ्याचा दावा मिटला, पण आता त्या धुऱ्यावरून ते चालू शकत नाहीत. दिवाळीनंतरच्या नाटकातला न्यायाधीश दुसराच कोणी झाला. दिवसभर ओट्यावर बसतात, आणि कोणी विचारलं की ठरलेलं उत्तर देतात. मलाही तेच. डॉक्टरलाही तेच. मी भांडून पाहिलं, रुसून पाहिलं.

एका रविवारी फोनवर जवायाने विचारलं, “बाबूजी, कसे हाव?”

“बेस हाय.”

पडद्यावर जवाई सावरून बसला. मग त्याने छाती फुगवली, भुवया वर केल्या, आणि बाबूजींचाच तो पहाडी आवाज काढून गरजला, “अर्जदार हाजीर हो!” मैत्रीण मागून खुदकन हसली. बाबूजी दचकले. जवायाने आवाज खाली आणला. “बाबूजी, सध्या मी अधिकारी हाव. मले खरं सांगा.”

बाबूजींनी माझ्याकडे पाहिलं, मग ओट्यापलीकडच्या बांधीकडे.

“गुडघे लय दुखतात, जवाई,” ते म्हणाले. “रातभर दुखतात. अन रोवणं आलं की तुमी सगळे लय आठवता.”

“हं,” जवाई म्हणाला. “आता सगळं सांगा. मी ऐकून राहिलो.”

मी फोन बाबूजींच्या हातात नीट धरून दिला आणि चहा ठेवायला आत गेले.